वुडलँड्सची दुसरी फेरी

पोतनीसांच्या घरात आजवर एकही निवडणूक झाली नव्हती, आणि विश्वासराव पोतनीस असेपर्यंत त्यांना या गोष्टीचा फार अभिमान होता. मुलुंडच्या सोसायटीत ते सेक्रेटरी होते ते बिनविरोध. सिंगापुरात आल्यावर ओळखीतल्यांच्या गणेशोत्सवाचे खजिनदार झाले तेही बिनविरोध. ज्याचा विरोध असेल त्याला आदल्या संध्याकाळी चहाला बोलवायचं, ही त्यांची पद्धत. चहा पिऊन माणूस लिफ्टमध्ये शिरायचा तेव्हा त्याचा विरोध कपाच्या तळाशी राहिलेला असायचा. घरातही तेच. अंकुरनं कॉमर्सला जायचं, क्षिप्रानं गाणं सोडायचं, वुडलँड्सचा फ्लॅट बाराव्या मजल्यावरचाच घ्यायचा, सगळं एकमतानं. त्या एकमतात त्यांच्या बायकोचं, सुरेखाबाईंचं, मत कोणतं होतं हे तपासायची वेळ कधी आली नाही. त्या 'तुम्ही ठरवाल ते' म्हणायच्या, आणि ते कुठल्याही ठरावाला फिट बसायचं.

विश्वासराव गेल्या वर्षी गेले. त्यांच्या मागे थोरला म्हणून उल्हास घरचा अध्यक्ष झाला. अर्थातच बिनविरोध.

आजच्या रविवारचा चहा त्यानं आधीच पाजून ठेवला होता. आई महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पडली होती. समोरच्या दारातली हमीदा रोजच्यासारखी हाक मारून गेली, उत्तर आलं नाही म्हणून परत आली आणि तिनं शेजाऱ्यांना गोळा केलं. हाड मोडलं नाही. पण उल्हास त्या वेळी जकार्तात एका मीटिंगमध्ये होता, फोन उपडा ठेवून, आणि बाहेर येऊन त्यानं फोन उलटला तेव्हा स्क्रीनभर मिस्ड कॉल होते. त्यानंतर तो फोन उपडा ठेवत नसे. बँकेतले लोक म्हणत, उल्हास आता मीटिंगमध्ये लक्ष देत नाही. खरं होतं.

त्यानं ठरवलं होतं की आईनं बुकित तिमाहला आपल्याकडे यायचं. कॉन्डोतली मागची खोली रिकामी होती, मुलगा सौमित्र मेलबर्नला शिकायला गेल्यापासून. ती त्यानं स्वतः रंगवली होती, शनिवार-शनिवारी, शिडीवर चढून. रंगारी बोलवायला त्याची बायको सविता म्हणाली होती, पण त्याला मुलुंडच्या स्वयंपाकघरातला तो फिकट पिवळा हवा होता आणि तो रंगाऱ्याला सांगता येईना.

विरोधी पक्ष म्हणजे बहीण क्षिप्रा. तिचं म्हणणं होतं, आईला इथंच राहू द्या. सेंगकांगच्या अंकुरनं 'आमच्याकडेही राहू शकते की' असं सभ्यपणे म्हटलं होतं आणि सगळ्यांनी ते तितक्याच सभ्यपणे ऐकलं होतं. अंकुर आणि राधिकाच्या घरात दोन जुळ्या मुली, एक पियानो आणि उरलेल्या जागेत अंकुर आणि राधिका राहत असत.

सुरमईचं कालवण आणि भात झाला. मुली समोर हमीदाकडे कार्टून बघायला पळाल्या. सोलकढीचे पेले हातात असतानाच उल्हासनं घसा साफ केला.

"मग ठरलं. जानेवारीत आई आमच्याकडे. बिनविरोध."

सुरेखाबाई ताटं गोळा करत होत्या. "तुम्ही ठरवाल ते," त्या म्हणाल्या.

कोपऱ्यातल्या सोफ्यावर क्षिप्राचा नवरा ओकाय फोनमध्ये डोकं घालून बसला होता. तो घानाचा. इथल्या बंदरावर जहाजांच्या वेळापत्रकाचं काम करायचा, आणि त्याच्या देशात काल, शनिवारी, निवडणूक झाली होती. सकाळपासून त्याचा फोन थरथरत होता. ओकाय इंग्रजीत बोलायचा, पण त्याच्या कानाला आता मराठीतले काही शब्द ओळखीचे झाले होते.

"बिनविरोध म्हणजे?" त्यानं बायकोला विचारलं.

"दुसरा उमेदवार नव्हता," क्षिप्रा म्हणाली.

ओकायनं फोन खाली ठेवला. "आमच्याकडे असं झालं तर लोक विचारतात, दुसऱ्या उमेदवाराचं काय केलंत?"

अंकुर हसला. मग उल्हासकडे बघून थांबला.

"ओकाय, हे घर आहे," उल्हास म्हणाला. "देश नाही."

"देश सोपा असतो, दादा. देशातले बहुतेक लोक एकमेकांना ओळखत नाहीत."

"सांगा हो ओकायराव, तुमच्याकडचं सांगा," सुरेखाबाई म्हणाल्या आणि ताटं तशीच टेबलावर ठेवून बसल्या. जावयाच्या नावापुढे राव लावायला त्यांना लग्नाच्या दिवसापासून काहीच अडचण आली नव्हती. "मामी कशी आहे तुमची?"

मामी म्हणजे नादेई. तिची चौकशी सुरेखाबाई दर रविवारी करत, दोघी लग्नात भेटल्या होत्या आणि एकमेकींचं एक अक्षर न कळता तीन दिवस गप्पा मारत होत्या. ओकायनं सांगितलं की मामी काल तेशीतल्या एका शाळेच्या व्हरांड्यात दिवसभर बाकावर बसून होती, एका पक्षाची एजंट म्हणून. त्याच बाकावर तिचा सख्खा भाऊ होता, दुसऱ्या मोठ्या पक्षाचा एजंट. प्रचारात दोघं दोन महिने बोलत नव्हते.

"आणि बाकावर?" राधिकानं विचारलं.

"बाकावर बोलावं लागतं. एखादा मतदार आला आणि मशीननं त्याचं बोट ओळखलं नाही, तर दोघांनी मिळून बघायचं. हा खरंच यादीतला तो कोफी आहे का, ते."

लोक पहाटेपासून रांग लावतात, तो म्हणाला. काही जण आदल्या संध्याकाळीच रांगेत दगड ठेवून जातात. दगडाची जागा कुणी घेत नाही. दोन कागद मिळतात, एक राष्ट्राध्यक्षासाठी आणि एक खासदारासाठी. दोन मोठे पक्ष असतात, आणि शिवाय दहा-एक उमेदवार, ज्यांना आपण निवडून येणार नाही हे माहीत असतं.

"मग उभे कशाला राहतात?" अंकुरनं विचारलं. हा प्रश्न त्यानं जरा आपुलकीनं विचारला.

"खासदाराला सगळ्यांत जास्त मतं मिळाली की झालं. राष्ट्राध्यक्षाला अर्ध्याहून जास्त लागतात. कुणालाच नाही मिळाली, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. तेव्हा सगळे या लहान माणसांच्या घरी चहाला जातात."

"चहा तिकडेही आहे," क्षिप्रा म्हणाली.

"पण मोजणी उघड्यावर," ओकाय म्हणाला. "तिथंच, त्याच शाळेत. अधिकारी एकेक मत वर धरतो. सगळं गाव बघतं, सगळं गाव मोठ्यानं मोजतं. मग गुलाबी कागदावर आकडे, खाली सगळ्या एजंटांच्या सह्या. मामीची आणि तिच्या भावाची एकाखाली एक."

क्षिप्रानं पेला खाली ठेवला.

"आपण घेऊ या," क्षिप्रा म्हणाली.

"काय?"

"निवडणूक. आईच्या घराची."

उल्हासनं मनातल्या मनात बेरीज केली. तो स्वतः, सविता, अंकुर, राधिका. चार खिशात. आई नेहमीच अध्यक्षांबरोबर असायची, म्हणजे पाच. जिंकणारच आहोत अशा मतदानाला विरोध करायचा नसतो, एवढं बँकेनं त्याला शिकवलं होतं.

"हरकत नाही," तो उदारपणे म्हणाला.

मतदार यादीवर मात्र वाद झाला. उल्हासचं म्हणणं, जावयाला मत नसावं, जावई म्हणजे पाहुणा.

"सुना कोण मग?" सविता म्हणाली. एवढा वेळ ती गप्प होती.

जावई यादीत आला. उल्हासनं मग सौमित्रला मेलबर्नहून फोनवर मत देऊ द्यावं असं सुचवलं. ओकायनं मान हलवली. त्याच्या देशाच्या परदेशस्थ नागरिकांनाही मत द्यायला मिळत नाही, तो म्हणाला, म्हणून तर आपण काल इथं बसून नुसता फोन बघत होतो. "कायदा झालाय. बऱ्याच वर्षांपूर्वी. अंमलबजावणी व्हायचीय."

"हे ओळखीचं वाटतंय," उल्हास म्हणाला.

सात मतदार. अर्ध्याहून जास्त म्हणजे चार. कागदावर नावं नकोत, चित्रं हवीत, तिकडे पक्षाचं चिन्ह आणि उमेदवाराचा फोटो असतो. राधिकानं तीन चिन्हं काढली. वुडलँड्ससाठी खिडकीतून दिसणारा जोहोरचा पूल, बुकित तिमाहसाठी झाड, सेंगकांगसाठी तिथल्या छोट्या रेल्वेचा, एलआरटीचा डबा. अंकुर म्हणाला, मी उभाच नाहीये. क्षिप्रा म्हणाली, अर्ज मागे घ्यायची मुदत संपली.

"आणि खूण पेननं नाही करायची," ओकाय म्हणाला. "अंगठा."

"अंगठा?" उल्हासचा पेला टेबलावर आपटला. "ओकाय, आमच्यात चार पिढ्या कुणी अंगठा उठवलेला नाही. माझे पणजोबा मामलेदार कचेरीत होते. लोक त्यांच्यासमोर अंगठे उठवायचे."

"तिकडे राष्ट्राध्यक्षही अंगठाच उठवतो, दादा. पेननं केलं तर कळतं ना कोणी केलं."

"कर रे," सुरेखाबाई म्हणाल्या. "तुझी फुली मी झोपेतसुद्धा ओळखीन. डावीकडे कलते."

शाई नव्हती. सवितानं कोशिंबिरीतून उरलेलं बीट आडवं चिरलं आणि अर्धी फोड स्टीलच्या ताटलीत ठेवली. अंगठा दाबला की लालभडक उठत होता. कुणी दोनदा मत देऊ नये म्हणून राधिकानं प्रत्येकाच्या डाव्या करंगळीवर काळ्या मार्करचा ठिपका काढला. पेटी पारदर्शक हवी, तर चिवड्याची प्लॅस्टिकची बरणी धुऊन घेतली. आणि मतदान कक्ष म्हणून बॉम्ब शेल्टर. सरकारनं युद्धासाठी बांधून दिलेल्या त्या जाड दाराच्या खोलीत पोतनीसांनी एवढ्या वर्षांत पापडाचे डबे, सुटकेसा आणि गणपतीचं मखर यांचं रक्षण केलं होतं.

उल्हास पहिला आत गेला. सुटकेसवर ताटली, बाजूला कागद. त्यानं झाडावर अंगठा दाबला. चार पिढ्यांनी वरून पाहिलं असेल, पण बल्बचा उजेड कमी होता.

मग एकेक जण गेला. आईला बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा ती पदराला हात पुसत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो चेहरा उल्हासला पाठ होता, म्हणून त्यानं फारसं पाहिलं नाही.

मोजणी त्यानंच करायची होती. सविता त्याची एजंट, क्षिप्रा पुलाची, राधिका डब्याची. ओकायनं त्याला प्रत्येक कागद डोक्याच्या वर धरायला लावला.

"झाड," उल्हास म्हणाला. "पूल. झाड. पूल. झाड."

तीन-दोन. त्यानं सहावा कागद उघडला.

"पूल."

तीन-तीन. सातवा त्यानं उघडला, वर धरला, आणि तसाच धरून राहिला.

खूण एलआरटीच्या डब्यावर होती. लालभडक अंगठा, आणि मधून वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ, भांग पाडल्यासारखी. सुरेखाबाईंच्या उजव्या अंगठ्यावर विळीचा वण होता. त्या अंगठ्यानं कालवलेला भात या खोलीतल्या तिघांनी वर्षानुवर्षं खाल्ला होता. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून केलेल्या सगळ्या बंदोबस्तात हा अंगठा कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

"डबा," उल्हास शेवटी म्हणाला. "एक."

अंकुर कागदाकडे बघत राहिला. मग आईकडे. "आई."

"काय? मी कुठं काय बोलले?"

"आई, गुप्त असतं ते," क्षिप्रा म्हणाली. तिला हसू येत होतं आणि ते नीट येत नव्हतं.

"गुप्तच केलं होतं मी." सुरेखाबाईंनी अंगठा मुठीत घेतला. "त्याला एकही पडलं नसतं तर? सगळ्यांसमोर मोजायचं म्हणे. कसं दिसलं असतं ते?"

अंकुर चाळीस वर्षांचा होता, त्याच्या हाताखाली अकाउंटंटांची एक अख्खी टीम होती. तो उठला आणि खिडकीपाशी जाऊन पूल बघू लागला.

"बायकोनंही नाही दिलं मला," तो तिकडे तोंड करूनच म्हणाला.

"तू तरी दिलंस का स्वतःला?" राधिका म्हणाली.

ते खरं होतं. खोलीतला ताण त्यावर जरा सैल झाला. ओकायनं जाहीर केलं की कुणालाही चार मिळालेली नाहीत, सेंगकांग बाद, पूल आणि झाड यांच्यात दुसरी फेरी. त्याच्या देशात मध्ये एकवीस दिवसांची मुदत असते. पोतनीसांकडे चहा होईपर्यंतची.

उल्हासला चहा नको होता. त्याची बेरीज चुकली होती, आणि बेरीज चुकली की त्याला बसवत नसे. झाडाला तीन: तो, अंकुर, राधिका. डबा आईचा. पुलाला क्षिप्रा, ओकाय, आणि तिसरं.

सविता स्वयंपाकघरात दूध तापवत होती.

"तू पुलाला दिलंस," तो हळू आवाजात म्हणाला.

"गुप्त असतं ते."

"सविता, तू माझी एजंट आहेस."

"एजंटनं मत द्यायलाच हवं असं नसतं. ओकायला विचार." तिनं गॅस बारीक केला. "उल्हास, मी घरी येते सहाला. तू नवाला. सौमित्र नाही. त्या पिवळ्या खोलीत आई सकाळी आठपासून काय करणार? मागच्या दिवाळीत चार दिवस आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी घरी आले तर लिफ्टमधल्या बाईच्या आवाजाला 'हो हो, बारावा मजला नाही, चौथा' असं समजावून सांगत होत्या. ती रेकॉर्डिंग आहे हे त्यांना माहीत होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, 'दिवसभरात तीच बोलली.'"

उल्हास ओट्याला टेकला. "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू अंकुरला फोन केलास. राधिकाला केलास. क्षिप्राला दोनदा केलास. मला कुठं विचारलंस? माझं धरूनच चालला होतास."

ओट्यावर बिटाची उरलेली अर्धी फोड होती. तो तिच्याकडे बघत उभा राहिला. बाहेर क्षिप्रा अंकुरला पटवत असल्याचा आवाज येत होता, आणि अंकुर, ज्याला जन्मात कुणी पटवायला आलं नव्हतं, तो हा प्रसंग सावकाश उपभोगत होता. 'बघतो,' असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. 'मला दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्यात.'

"आणि परत पडली तर?" उल्हास म्हणाला. "इथं एकटी असताना?"

सवितानं चहा गाळता गाळता त्याच्याकडे पाहिलं. "त्याला माझ्याकडे उत्तर नाही," ती म्हणाली. "म्हणून तर तुला काही म्हटलं नाही इतके दिवस."

दुसरी फेरी साडेपाचच्या सुमारास झाली. नवे कागद, दोनच चिन्हं. उल्हास शेल्टरमध्ये गेला, ताटलीसमोर उभा राहिला, आणि पुन्हा झाडावर अंगठा दाबला. सविताचं सगळं त्याला पटलं होतं. पण मिस्ड कॉलची ती स्क्रीन अंगठ्यात होती, डोक्यात नव्हती.

मोजणीला या वेळी सगळे उभे राहिले.

"पूल. झाड. झाड. पूल." त्याचा आवाज कोरडा होता. "पूल. झाड."

तीन-तीन. बरणीत एक कागद. त्यानं तो उघडला.

झाडावर लाल अंगठा, आणि मधून भांग.

उल्हासनं कागद वर धरला. हात वर राहिला आणि बाकीचा उल्हास खाली कुठेतरी बसला. आपण जिंकलो, हे त्याला कळलं. कसं जिंकलो, हेही त्याच क्षणी कळलं. अंकुरच्या डब्यावरचा तो अंगठा त्यानं तासाभरापूर्वीच पाहिला होता. शून्य पडू नये म्हणून दिलेलं मत दिसायला कसं असतं, हे आता खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"झाड," तो म्हणाला. "चार."

"झालं ना?" सुरेखाबाई म्हणाल्या. "चला, दिवा लावायची वेळ झाली." आणि देवापाशी गेल्या.

राधिकानं आकडे लिहिले. गुलाबी कागद नव्हता, मुलींच्या चित्रकलेच्या वहीतला पिवळा होता. क्षिप्रानं पेन घेतलं. तिचे डोळे भरले होते, पण तिनं सही केली, पूर्ण नावाची, आणि पेन सवितापुढे केलं. सवितानं तिच्या खाली केली.

तेवढ्यात ओकायचा फोन थरथरला. त्यानं वाचलं, परत वाचलं, आणि उभाच राहिला.

"काय झालं?" क्षिप्रानं विचारलं.

"हरलेल्यानं फोन केला. आयोगानं अजून निकाल सांगितलेला नाही, पण यानं स्वतःच जिंकलेल्याला फोन करून सांगितलं, तुम्ही जिंकलात." तो हसला, पण त्याचा आवाज ओला होता. "मामीचा पक्ष हरला. ती रडतेय म्हणे. तिचा भाऊ तिच्यासाठी मक्याची केन्की आणि तळलेले मासे घेऊन गेलाय. देश शांत आहे. लोक दुकानं उघडतायत."

"त्याला करावाच लागतो तो फोन?" उल्हासनं विचारलं.

"नाही. कायद्यात नाही कुठं. पण तो केला की लोक झोपतात."

उल्हासनं मान डोलावली. मग खिशातून फोन काढला, दार उघडलं आणि बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये गेला. समोर हमीदाच्या दारात मुलींच्या चपला होत्या. आतून कार्टूनचा आवाज येत होता.

घरात, आतल्या खोलीत, फोन वाजला. सुरेखाबाईंनी काड्यापेटी ठेवली. "आता कोण?" म्हणत त्या आत गेल्या. त्या खोलीची खिडकी कॉरिडॉरमध्येच उघडत होती. काचेच्या पट्ट्यांमधून उल्हासला त्यांची पाठ दिसली.

"हॅलो."

"आई, उल्हास."

त्या वळल्या. "अरे, दिसतोयस मला. तिथं काय उभा आहेस?"

"जेवलीस का?"

"तुझ्याबरोबरच जेवले."

"हो." त्यानं भिंतीला हात टेकला. "आई, मी हरलो. तेवढं सांगायला फोन केला."

"चार पडली तुला. मी मोजत होते."

"त्यातलं एक अंकुरसारखं पडलंय."

त्यांचा श्वास त्याला दोनदा ऐकू येत होता, एकदा फोनमधून आणि एकदा खिडकीतून, थोडा मागेपुढे.

"तू शिडीवर चढून खोली रंगवलीस," त्या म्हणाल्या. "मान धरली होती तुझी. सविता म्हणाली."

"मान बरी आहे. तुला कुठं राहायचंय?"

"तुम्ही ठरवाल..."

"आई."

लिफ्ट वर आली, कुणी उतरलं नाही, खाली गेली. समोरासमोर ही बाई काही बोलली नसती. चेहरा दिसला की तिला समोरच्याचं काय होतंय तेच दिसायचं. तिनं खिडकीकडे पाठ केली.

"इथं," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "मला इथं राहायचंय. सकाळी हमीदा हाक मारते, मी ओ देते. तिला मराठी येत नाही, मला मलय येतं ते भाजीपुरतं. पण हाक कळते. त्या दिवशी पडले ना, तेव्हा मी आत पडल्या पडल्या हेच म्हणत होते की एकदा हाक मारून गेलीय, म्हणजे परत येईल. घाबरले नाही रे मी. तुझी लादी फार छान आहे, उल्हास. पण तिथं पडले, तर हाक कोण मारणार?"

"मी घाबरलो," उल्हास म्हणाला.

"माहितीये मला. म्हणून तर दिलं तुला."

"बाथरूमला धरायला दांडे लावायचे. त्यावर मतदान नाही."

"लाव."

"हमीदाकडे किल्ली द्यायची."

"तिच्याकडे आहे पहिल्यापासून. तुझ्या बाबांनाही माहीत नव्हतं."

उल्हासनं कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं. आत त्याच्या आईनं फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. अंगठा अजून लाल होता.

"आणि ती पिवळी खोली?" त्यानं विचारलं.

"असू दे तशीच. येईन की चार दिवस. हमीदालाही आणते. तिला तुमचा तो तलाव बघायचाय, खालचा, निळा."

"तिला पोहता येतं?"

"छे. मला तरी कुठं येतं. पाय सोडून बसू." मग त्या खिडकीकडे वळल्या, आणि फोन कानाला तसाच ठेवून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "आत ये आता. डास चावतायत तुला."